‘गोंड’ आणि ‘गोवारी’ यांमधली मोकळी जागा

नागपूरच्या सीताबर्डी भागात एक उड्डाणपूल आहे. त्याचे नाव ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’. पुलाखालून आणि पुलावरून रोज हजारो माणसे जातात. त्यांच्यातील बहुतेकांनी हे नाव वाचलेले असते, आणि त्यामागची घटनाही थोडीफार ऐकलेली असते. मात्र या नावातील पहिल्याच शब्दावर उच्च न्यायालयाने एक निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या नेमका उलट निर्णय दिला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. ‘आदिवासी’ या त्या एका शब्दासाठी ११४ माणसांचे प्राण गेले.

तारीख २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेला गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा मॉरिस कॉलेजजवळच्या टी-पॉइंटवर अडवण्यात आला होता. मोर्चात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या; कित्येकींच्या कडेवर मुले होती. दिवस वाट पाहण्यात गेला. संध्याकाळी गर्दी हलली, पोलिसांनी लाठीमार केला, आणि पळायला जागा नसलेल्या त्या जमावात जी चेंगराचेंगरी झाली तिच्यात ११४ जण मरण पावले, शेकडो जखमी झाले. मृतांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग बसला. आयोगाने कोणावरही ठपका ठेवला नाही.

मोर्चाची मागणी जमिनीची नव्हती, मजुरीचीही नव्हती. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत १८ व्या क्रमांकावर गोंडांची नोंद आहे. त्या नोंदीत पन्नासहून अधिक नावे एकापुढे एक लिहिलेली आहेत, आणि त्यांत एक नाव ‘गोंड गोवारी’ असे आहे. हे नाव आपलेच आहे, असे गोवारींचे म्हणणे. नाही, ‘गोंड गोवारी’ वेगळे आणि ‘गोवारी’ वेगळे, असे शासनाचे म्हणणे. दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम असता तर गोवारी यादीत आले असते. ‘गोंड’ हा शब्द नसता तरीही आले असते. पण छापील यादीत तेथे केवळ एक मोकळी जागा आहे, आणि त्या जागेचा अर्थ काय, या प्रश्नाने तीन पिढ्या खर्ची घातल्या आहेत.

समाज म्हणजे कोण, हे ठरवायचे कोणी? स्वतः त्या समाजाने, त्याच्या शेजाऱ्यांनी, की दप्तराने? सुदानच्या यादवीविषयी वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. नागपूरच्या इतिहासातही तो तितकाच खोल गेलेला आहे. फरक इतकाच की येथे तो बंदुकीने सोडवला गेला नाही. तो प्रमाणपत्राने सोडवण्याचा प्रयत्न झाला.

आरंभ गोंडांपासूनच केला पाहिजे, कारण हे शहर त्यांनी वसवले. सातपुड्यातील देवगड हे आज छिंदवाडा जिल्ह्यात मोडते. तेथील गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, सामान्यतः १७०२ साली असे मानतात, बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवले. हा राजा औरंगजेबाच्या दरबारी गेला होता, तेथे त्याने इस्लाम स्वीकारला, आणि ‘बख्त बुलंद’ ही पदवी त्याला तेथेच मिळाली. धर्म बदलला तरी तो गोंड राजाच राहिला. प्रजेलाही तो परका वाटल्याचे दिसत नाही. आजच्या कोणत्याही अर्जाच्या रकान्यात हा मनुष्य नीट बसवता येणार नाही: धर्म मुसलमान, कुळ गोंड, निष्ठा कधी मोगलांशी तर कधी मोगलांविरुद्ध.

त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपुरास आणली, गावाला तटबंदी घातली, तलाव बांधला. त्याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उभा राहिला, आणि राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. मदतीला आलेले मराठे परत गेले नाहीत. १७४३ च्या सुमारास गोंड राजा बुऱ्हाण शाह पेन्शनीचा धनी झाला आणि राज्य रघूजींचे झाले. भोसल्यांनी गोंड राजाला मात्र गादीवरून पूर्णपणे खाली उतरवले नाही. त्याचा मान राखला, नेमणूक चालू ठेवली. विजेत्याने पराजिताच्या नावाने राज्य करावे, ही त्या काळची रीतच होती.

या शंभर-सव्वाशे वर्षांत नागपूरच्या आसपासचा समाज दाट मिसळला. कुणबी आले, कोष्टी आले, बाहेरचे कारागीर आले. मराठी व्यवहाराची भाषा झाली. मैदानातील गोंड हळूहळू मराठी बोलू लागले. डोंगरातील आणि चांद्याच्या जंगलातील गोंडांनी गोंडी टिकवली. आणि या दोहोंच्या मध्ये, गावाच्या शिवारात, गुरे राखणारा गोवारी होता.

गोवारी म्हणजे गावाचा गुराखी. सकाळी घराघरांतून गुरे सोडायची, आखरावर जमवायची, रानात न्यायची, सांजेला परत आणायची, आणि वर्षाअखेरीस धान्याच्या रूपात मोबदला घ्यायचा. गुरे त्याची नसत; गावाची असत. दिवाळीतील गायगोधनाला मात्र मान त्याचा. त्या दिवशी सजवलेल्या गाईंपुढे गोवारी ढाल घेऊन नाचतात. ढाल म्हणजे येथे युद्धाचे साधन नव्हे; उंच बांबूवर सजवून उभी केलेली पूजेची वस्तू. ढालपूजा हे गोवारींच्या दृष्टीने त्यांच्या आदिवासीपणाचे एक मोठे प्रमाण आहे. इतरांच्या दृष्टीने तो गुराख्यांचा सण आहे. एकाच आचाराचे दोन अर्थ लावता येतात, आणि दोन्ही लावणारे प्रामाणिक असू शकतात. हे या प्रकरणातील अवघड स्थान आहे.

१८५३ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. आता मोजणी सुरू झाली. इंग्रजी राजवटीला माणसे मोजायची होती, म्हणून आधी माणसांची नावे ठरवावी लागली. पूर्वीच्या राजांना मनुष्य काय करतो आणि किती सारा भरतो, एवढे कळले की पुरत असे. नव्या राज्याला तो कोण आहे हे हवे होते, आणि त्याचे उत्तर एका शब्दात हवे होते.

या प्रांतापुरते त्या मोजणीचे सर्वांत मोठे फलित म्हणजे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ. तो १९१६ साली प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ आजही उपयोगी आहे, परिश्रमाने लिहिलेला आहे, आणि आज न्यायालयांत तो पुराव्यासारखा वाचला जातो, जे त्याच्या लेखकांच्या स्वप्नातही नसेल. त्यात गोवारी ही मराठी मुलखातील गुराख्यांची जात म्हणून नोंदलेली आहे. तिची उत्पत्ती गवळी-अहीर आणि गोंड यांच्या मिश्रणातून झाली असावी, असे म्हटले आहे. आणि तिच्या पोटविभागांत एक विभाग ‘गोंड गोवारी’ असा दिला आहे. म्हणजे या ग्रंथापुरते पाहिले तर ‘गोंड गोवारी’ हे गोवारींचे एक अंग आहे. पुढे राज्यघटनेच्या यादीत तेच नाव गोंडांच्या नोंदीखाली आले. नाव तेच राहिले, घर मात्र बदलले.

भाषेच्या बाजूने पाहिले तर कोडे आणखी गुंतते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे. त्यात मध्य प्रांतातील मराठीचे जे लहानसहान प्रकार वर्णिले आहेत, त्यांत ‘गोवारी’ आहे, ‘कोष्टी’ आहे, ‘धनगरी’ही आहे. गोंडी मात्र चौथ्या खंडात, मुंडा आणि द्राविडी भाषांमध्ये. गोंडी ही द्राविडी कुळातील, तेलुगूशी नाते सांगणारी भाषा. गोवारींची बोली नागपुरी मराठीच. यावरून गोवारी गोंड नव्हेत, असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याला नागपूर-वर्धेच्या गोंडांकडे पाहावे लागेल. त्यांच्याही घरात आज बहुधा मराठीच आहे. भाषा ही वंशावळ नव्हे. माणसे भाषा बदलतात, आणि पुष्कळदा पोटासाठी बदलतात.

येथे काही काळ नागपूर सोडून आफ्रिकेत जाणे आवश्यक आहे, कारण जे कोडे नागपुरात कागदावर राहिले ते तेथे रक्तात उतरले. ज्या १९१६ साली रसेल-हिरालालांचे खंड प्रसिद्ध झाले, त्याच साली इंग्रजांनी दारफूरची स्वतंत्र सल्तनत जिंकून सुदानला जोडली. शेवटचा सुलतान अली दिनार लढाईत मारला गेला. दारफूर म्हणजे ‘फूर लोकांचा देश’. फूर हे शेतकरी, त्यांची भाषा स्वतंत्र. त्यांच्या दक्षिणेला आणि भोवताली बग्गारा हे अरबी बोलणारे गुराखी. ‘बग्गारा’ या नावाचा उगमच गाय या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. दोन्ही समाज मुसलमान. दोघांचे वैर अनादी आहे, अशी समजूत बाहेर रूढ झालेली आहे.

वस्तुस्थिती निराळी होती. १९६० च्या दशकात गुन्नार हालान या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने पश्चिम दारफूरमध्ये काम केले. त्याला असे आढळले की एखाद्या फूर कुटुंबाकडे गुरे वाढली की ती गावात ठेवणे परवडत नाही. कुटुंब गुरांबरोबर फिरू लागते, फिरणाऱ्यांच्या संगतीत राहते, त्यांच्यासारखे जगते, आणि कालांतराने बग्गारा म्हणूनच ओळखले जाऊ लागते. पुढच्या पिढीची भाषा अरबी. म्हणजे ‘फूर’ आणि ‘अरब’ हा रक्तातील भेद तर नव्हताच. पुष्कळ अंशी तो गोठ्यातील गुरांच्या संख्येचा भेद होता.

मग वैर कोठून आले? एका कारणाने आले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुष्काळ होते, शस्त्रे होती, खार्टूममधील सत्तेचे डावपेच होते. पण त्यामागे एक जुना प्रशासकीय निर्णय उभा होता. इंग्रजांनी प्रत्येक जमातीला तिचा ‘दार’, म्हणजे तिचा मुलूख, आणि तिचा मुखिया नेमून दिला. ज्यांच्या नावावर दार, त्यांचा जमिनीवर पहिला हक्क. उत्तरेकडील काही उंटपाळ टोळ्यांना स्वतःचा दार नव्हताच. पाऊस बरा होता तोवर हे निभावले. पुढे कुरणे आटली, तेव्हा ‘तू कोणत्या जमातीचा’ या प्रश्नाचा अर्थ ‘तुला पाणी मिळेल की नाही’ असा झाला. २००३ साली दारफूरमध्ये युद्ध पेटले तेव्हा फूर, मसालीत, झगावा एका बाजूला आणि ‘अरब’ दुसऱ्या बाजूला, अशी रेषा पक्की झाली. २०२३ मध्ये अल-जनीना शहरात मसालीत लोकांच्या पुन्हा कत्तली झाल्या.

नागपूर आणि दारफूर यांची तुलना येथेच थांबवली पाहिजे. नागपूरच्या गोंड-गोवारींत कत्तली झाल्या नाहीत, आणि तशी भीतीही कोणी दाखवू नये. साम्य एवढेच की दोन्ही ठिकाणी ओळख पूर्वी वाहती होती, राज्याने तिला बांध घातला, आणि मग त्या बांधाच्या कोणत्या बाजूला आपण आहोत यावर माणसाचे हक्क अवलंबून राहू लागले.

सुदानमध्ये भाषांचीही निवड झाली होती. १९२८ च्या रेजाफ परिषदेत दक्षिणेतील शाळांसाठी दिन्का, नुएर, बारी, शिलुक, झांडे अशा मोजक्या भाषा निवडल्या गेल्या, बाकीच्या मागे पडल्या. गोंडीच्या वाट्याला निवड होण्याचेही भाग्य आले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठी, तेलुगू, हिंदी, ओडिया यांच्या रेषा आखल्या गेल्या, आणि गोंडी बोलणारा सलग मुलूख त्या रेषांनी कापला गेला. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. एका राज्यात तिला देवनागरी, दुसऱ्यात तेलुगू लिपी. शिवाय मसराम आणि गुंजाळा या तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. भाषावार प्रांतरचनेत ज्यांची भाषा विचारात घेतली गेली नाही, त्यांचा इतिहास अजून नीट लिहिला जायचा आहे.

त्याच प्रांतरचनेने नागपूरची राजधानीही गेली. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे आश्वासन होते. म्हणून हिवाळ्यात सरकार नागपुरास येते, आणि म्हणून विदर्भाचे सारे मोर्चे त्या काही दिवसांत सीताबर्डीकडे वळतात. २३ नोव्हेंबर १९९४ ची गर्दी त्या जागी आणि त्या दिवशी का होती, याचे उत्तर अशा रीतीने १९५३ च्या एका करारापर्यंत जाते.

आता यादीकडे. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी निघाली. १९५६ साली ती सुधारली गेली. घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार या यादीत भर घालणे किंवा तीतून नाव काढणे केवळ संसदेच्या हाती आहे. १८ क्रमांकाची नोंद सावकाश वाचली तर तीत एक मौज दिसते. राजगोंड, माडिया, मुरिया, कोया ही जमातींची नावे तर आहेतच. पण नगारची आहेत, म्हणजे नगारा वाजवणारे. ओझा आहेत, म्हणजे मंत्रतंत्र जाणणारे. सोनझरी आहेत, म्हणजे नदीच्या वाळूतून सोने धुणारे. गोंड समाजाभोवती ज्यांचे धंदे गुंफलेले होते, असे अनेक गट त्या एकाच नोंदीत आले. मग गोंडांची गुरे राखणाराही तेथे असणे अस्वाभाविक नव्हते. प्रश्न उरतो तो असा की गोंडांची गुरे राखणारा कोणता आणि कुणब्याची गुरे राखणारा कोणता, हे आता ओळखायचे कसे?

आणखी एक विसंगती. विदर्भात ही यादी आरंभी सर्वत्र लागू नव्हतीच. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्या तालुक्यांतच ती चाले. नागपूर जिल्हा तीत नव्हता. ज्या शहराची स्थापना गोंड राजाने केली त्या शहरातील गोंड कायद्याच्या दृष्टीने आदिवासी नव्हते! १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. १९७७ च्या जुलैपासून तो अमलात आला.

बंधन उठताच नावे पुढे येऊ लागली. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९ लाख नोंदली गेली होती. १९८१ मध्ये ती सुमारे ५७ लाख झाली. यांतील मोठा भाग क्षेत्रबंधनामुळे पूर्वी गाळल्या गेलेल्या खऱ्या आदिवासींचा होता. पण नामसाधर्म्याचा लाभ घेणारेही होते, आणि मूळ आदिवासी संघटनांची तक्रार तीच होती. शासनाने पडताळणी कडक केली. १९८५ च्या शासन निर्णयाने ‘गोंड गोवारी’ प्रमाणपत्रे देताना तो गोवारींहून वेगळा समजावा, असे अधिकाऱ्यांना बजावले. गोवारींची लढाई खऱ्या अर्थाने तेथून पेटली.

नागपुरात असाच दुसरा वाद हलबा कोष्टींचा. महाल-इतवारीच्या हातमागांवर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या विणकरांपैकी अनेकांचा दावा असा की आपण मूळचे हलबा आदिवासी, विणकाम हा मागाहून घेतलेला धंदा. यादीत ‘हलबा, हलबी’ आहे, ‘हलबा कोष्टी’ नाही. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: यादी जशी आहे तशीच वाचावी, पुरावा घेऊन तिचा अर्थ वाढवण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. ज्या विद्यार्थ्याचे प्रकरण होते त्याची वैद्यकीय पदवी मात्र तोवर पूर्ण झाल्याने कायम ठेवली गेली. दारफूरमध्ये गुरे वाढली की माणूस बग्गारा होई. नागपुरात मागावर बसला की हलबा राहतो की नाही, याचा निवाडा घटनापीठाला करावा लागला.

यादीतील सगळेच वाद अशाच रीतीने संपले नाहीत. गोंडांच्याच त्या नोंदीत ‘माना’ हे नाव आहे. माना हे गोंडांची पोटजमात नसून स्वतंत्र जमात आहेत आणि त्यांना यादीचे लाभ मिळाले पाहिजेत, असे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. गोवारींना त्या निकालाने आशा वाटली असल्यास नवल नाही. पण ‘माना’ हा शब्द यादीत एकटा आहे. त्याच्या मागे ‘गोंड’ नाही.

१९९४ च्या घटनेनंतर सरकारने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतले. त्या प्रवर्गाला राज्यात दोन टक्के जागा, आणि त्या दोन टक्क्यांत कोष्टी, माना असे इतर समाजही वाटेकरी. अनुसूचित जमातींचे सात टक्के, विधानसभा-लोकसभेतील राखीव मतदारसंघ, केंद्राच्या सवलती यांतले काही त्यांत नव्हते. मागितली होती ओळख; मिळाली ती सवलत, आणि तीही निम्म्याहून कमी.

लढा न्यायालयात गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. युक्तिवादाचा गाभा ऐतिहासिक होता: ‘गोंड गोवारी’ नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली होती, जे अस्तित्वातच नाही ते १९५६ च्या यादीत घालण्याचा हेतू असणे शक्य नाही, म्हणून तो शब्द गोवारींनाच उद्देशून आहे. २४ वर्षांनी टी-पॉइंटवरच्या मागणीला होकार मिळाला होता. गावोगाव प्रमाणपत्रांसाठी रांगा लागल्या.

१८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ‘गोंड गोवारी’ नामशेष झाल्याचा निष्कर्ष ग्राह्य नाही, आणि यादीतील नावाचा असा अर्थ लावणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल २००० च्या घटनापीठाशी सुसंगत आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो प्रश्न सोडवत नाही. प्रश्न विचारण्याची जागा फक्त संसदेत आहे, एवढेच तो सांगतो.

गोंड आणि इतर आदिवासी संघटनांचा विरोधही येथे नीट समजून घ्यायला हवा. पुष्कळदा तो कोता स्वार्थ म्हणून हिणवला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. सात टक्क्यांत गडचिरोलीचा माडिया आहे, मेळघाटचा कोरकू आहे, ज्यांची पहिली पिढी आत्ता कोठे शाळेत जात आहे. शहराजवळच्या, मराठी बोलणाऱ्या, संख्येने मोठ्या समाजाशी त्यांना एकाच रांगेत उभे केले तर पुढे कोण जाईल, ही त्यांची शंका पोकळ नाही. त्याचबरोबर गोवारीची गरिबीही खरी आहे. गावाची गायरानं गेली, ट्रॅक्टर आले, राखणीचा धंदा बुडाला. दुसऱ्याची गुरे राखणाऱ्याकडे स्वतःची जमीन क्वचितच होती. दोन वंचितांना एकाच लहान भाकरीच्या दोन बाजूंना बसवले गेले आहे, आणि भाकरी मोठी करण्याची गोष्ट कोणी काढत नाही.

पडताळणीचे साधनही तितकेच डळमळीत. अर्जदाराला कुळ, देव, लग्नविधी, मरणविधी विचारायचे आणि उत्तरे जमातीच्या ठरीव वर्णनाशी जुळतात का पाहायचे, याला आप्तभाव चाचणी म्हणतात. हे ठरीव वर्णन पुष्कळदा शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतून आलेले असते. आजचा तरुण ते पाठ करून आला तर तो खरा ठरतो आणि शहरात वाढलेला खरा आदिवासी गोंधळला तर तो खोटा. ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ च्या मार्चमध्ये स्पष्ट केले.

२०२४ च्या फेब्रुवारीत गोवारी पुन्हा हजारोंच्या संख्येने सीताबर्डीत रस्त्यावर उतरले. मागणी तीच होती. दरवर्षी २३ नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी लोक जमतात. त्या दिवशी आई गमावलेली मुले आता पस्तीस-चाळिशीची झाली आहेत.

२०२० च्या निकालात शेवटी एक दिलासा दिलेला आहे. १४ ऑगस्ट २०१८ ते १८ डिसेंबर २०२० या काळात मिळालेल्या प्रमाणपत्रांवर ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी मिळवली, त्यांचा तो प्रवेश आणि ती नेमणूक कायम राहील. पुढचा कोणताही लाभ मात्र जमातीच्या नात्याने मिळणार नाही. म्हणजे एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या दोन भावंडांपैकी थोरली त्या अठ्ठावीस महिन्यांत महाविद्यालयात गेली असेल, तर तिच्या प्रवेशाच्या कागदावर अनुसूचित जमात आहे, आणि दोन वर्षांनी गेलेल्या धाकट्याच्या कागदावर विशेष मागास प्रवर्ग.